उतारवयातला हुद्दा : सुभेदारीपासून नाशिकच्या सैनिकी शाळेपर्यंत

पहिले महायुद्ध संपत आले असताना, 1918 च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने हिंदी सैनिकांना अधिकारीपदाची सनद देण्याचे तीन मार्ग ठरवले. पहिला मार्ग इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयातून जाणारा होता आणि तो प्रतिष्ठित घराण्यांतील तरुणांसाठी होता. दुसरा मार्ग फौजेतील निवडक तरुण हिंदी सैनिकांना प्रशिक्षण देऊन वर आणण्याचा होता. आणि तिसरा मार्ग अशा वृद्ध सरदारांसाठी, म्हणजे सुभेदार-जमादारांसाठी, होता, ज्यांनी रणांगणावर असाधारण कामगिरी केली होती, पण ज्यांचे वय आणि अपुरे शिक्षण पूर्ण अधिकारीपदाच्या आड येत असल्याचे सरकारचे म्हणणे होते. या तिसऱ्या वर्गातील माणसांना ‘मानद’ सनद द्यावी, असे ठरले. तीस-पस्तीस वर्षे फौजेत काढलेल्या सुभेदाराला त्यामुळे लेफ्टनंट किंवा कॅप्टन म्हणवून घेण्याचा मान मिळू लागला. मात्र त्या हुद्द्याबरोबर येणारा आज्ञाधिकार त्याच्या हाती आला नाही. वृद्ध सैनिकाची अधिकारीपदाची मागणी अशा रीतीने अर्धी मान्य झाली. ती पूर्ण का झाली नाही, तरुणांसाठी तीच वाट पुढे कोणत्या क्रमाने मोकळी झाली, आणि या घडामोडीत नाशिकचा वाटा कोणता, हे समजून घेण्यासाठी कंपनी सरकारच्या पलटणींपासून आरंभ करावा लागतो.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या मध्यास हिंदी शिपायांच्या पलटणी उभारल्या, तेव्हा त्यांत हिंदी अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वजन होते आणि काही पलटणींवर ‘कमांडंट’ या नावाने हिंदी सरदार नेमलेला असे. पलटणींची संख्या वाढली, गोऱ्या अधिकाऱ्यांची भरती वाढली, तसे हे वजन घटत गेले. 1796 च्या पुनर्रचनेनंतर प्रत्येक पलटणीत गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या इतकी झाली की हिंदी सरदाराकडे स्वतंत्र अधिकार म्हणून फारसे काही उरले नाही. यानंतर स्थिरावलेली उतरंड पुढे दीडशे वर्षे जवळजवळ तशीच राहिली. तळाशी शिपाई, त्याच्यावर नाईक, मग हवालदार, त्यावर जमादार आणि सुभेदार, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्माण झालेला सुभेदार-मेजर हा हुद्दा सर्वांत वर. सुभेदार-मेजर हा साऱ्या पलटणीतील शिपायांचा वडीलधारा मानला जाई. शिपायांची दुखणी, भांडणे, रजा, धर्माचे आणि जातीचे प्रश्न त्याच्यामार्फत गोऱ्या कमांडिंग अधिकाऱ्यापर्यंत पोहोचत आणि कमांडिंग अधिकारी त्याला अदबीने ‘साहेब’ म्हणत असे. एवढा मान असूनही इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या, मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटपेक्षा तो नियमाने खालचाच होता, त्या पोराच्या हुकुमात होता, आणि साध्या गोऱ्या सोजिराला हुकूम देण्याचा अधिकारही त्याला नव्हता.

या उतरंडीत वर चढण्याची रीत बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत सारखी नव्हती. बंगाल इलाख्याच्या फौजेत बढती मुख्यतः नोकरीच्या वर्षांवर मिळे. त्यामुळे शिपाई सुभेदार होईपर्यंत साठीला टेकलेला असे आणि घोड्यावर बसणे किंवा लांबची कूच करणेही त्याला जड जाई. मुंबई इलाख्याच्या फौजेत कमांडिंग अधिकाऱ्याने लायकी पाहून बढती द्यावी, असा प्रघात होता आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांना त्याचा अभिमानही वाटे. या प्रघाताचा मोठा लाभ महाराष्ट्रातील ज्या समाजांना झाला, त्यांत मराठ्यांच्या बरोबरीने कोकणातील बेने इस्रायली आणि महार हेही होते. गावच्या वेशीबाहेर राहणाऱ्या घरातला मुलगा पलटणीत सुभेदार होऊ शके, फौजेच्या शाळेत लिहिणे-वाचणे शिकू शके, आणि निवृत्तीनंतर पेन्शन घेऊन दापोली, महाड किंवा पुण्याच्या छावणीजवळ प्रतिष्ठेने राहू शके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले होते आणि महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले होते.

1857 च्या उठावानंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, फौजेची चौकशी झाली आणि पुनर्रचनाही झाली. म्हाताऱ्या सुभेदारांच्या हाती शिपायांवरचा वचक राहिला नव्हता, हे अनेक साक्षींतून पुढे आले. परंतु त्यावरचा उपाय म्हणून हिंदी अधिकाऱ्याला अधिक वरची जागा देण्याचा विचार कोणी गंभीरपणे केला नाही. उलट तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या ताब्यात घेण्यात आला. डोंगरी तोफांच्या मोजक्या तुकड्या सोडल्या तर हिंदी माणसाला तोफेजवळ जाण्याची वाटच उरली नाही. पुढे 1880 च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे लष्करी सदस्य सर जॉर्ज चेस्नी यांनी हिंदी तरुणांसाठी लष्करी विद्यालय काढून त्यांना अधिकारीपदे द्यावीत अशी सूचना केली, तेव्हा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तिला कडाडून विरोध केला. हिंदी माणूस शूर असला तरी नेतृत्वाचा गुण इंग्रजाजवळच असतो, आणि इंग्रज अधिकारी हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणार नाही, अशा दोन धारणांवर हा विरोध उभा होता. त्याच सुमारास, 1887 साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाने लष्करातील वरच्या जागा हिंदी लोकांना खुल्या कराव्यात आणि त्यासाठी देशात लष्करी विद्यालये काढावीत, असा ठराव केला. पुढची तीस वर्षे ही मागणी सभेच्या व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा होत राहिली.

रॉबर्ट्स यांच्याच काळात ‘लढवय्या जाती’ हा सिद्धान्त फौजेच्या भरतीवर स्वार झाला. उत्तरेकडील काही समाज जन्माने लढवय्ये आणि दक्षिणेकडील समाज मऊ, असे ठरवून मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील भरती आखडती घेण्यात आली आणि 1890 च्या दशकाच्या आरंभी पलटणींतील कंपन्या जातवार बांधण्यात आल्या. या जातवार रचनेत महारांसाठी जागाच ठेवली गेली नाही. वरच्या जातींतील शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. म्हणजे ज्या हुद्द्यापर्यंत हा समाज लायकीच्या बळावर पोहोचला होता, तो हुद्दाच त्याला फौजेतून घालवण्याचे निमित्त ठरला. अधिकारीपदाचा प्रश्न बाजूलाच राहिला आणि शिपाईगिरीचेही दार बंद झाले.

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज पेन्शनर सैनिकांनी उठवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महात्मा फुले यांच्या विचारांचे अनुयायी आणि 1886 साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीला ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था चालवली आणि 1894 मध्ये लष्करी वरिष्ठांना उद्देशून महारांची भरती पुन्हा सुरू करण्याची विनंती करणारा अर्ज तयार केला. महार हे मूळचे क्षत्रिय असून महादुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांच्यावर हीन दशा ओढवली, असा युक्तिवाद त्यांनी केला. लढवय्या जातीच्या सिद्धान्तावर राज्यकर्त्यांचा भर असल्यामुळे त्यांच्याच मोजमापात आपला समाज बसवून दाखवण्याचा तो प्रयत्न होता. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही मागणी पुढे नेली. सासवड येथे महारांची परिषद भरवून मुंबई सरकारकडे अर्ज केला आणि 1910 मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांचे मागणे अगदी माफक होते. जुन्या मुंबई फौजेत आमच्या माणसांनी जे हुद्दे मिळवले ते लक्षात घेऊन पोलिसांत आणि पलटणीत आम्हाला पुन्हा घ्यावे, एवढेच ते होते. परंतु अर्ज करणारे सेवेचा दाखला पुढे करून हक्क मागत होते, कृपा मागत नव्हते. सरकारने तूर्तास त्यांना दाद दिली नाही.

लॉर्ड कर्झन यांनी 1901 मध्ये ‘इंपीरियल कॅडेट कोअर’ काढून अधिकारीपदाच्या मागणीला एक वळण दिले. संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या मुलांना मेरठ आणि देहरादून येथे लष्करी शिक्षण देऊन खास प्रकारची सनद द्यायची, अशी ही योजना होती. मात्र या सनदेने हिंदी पलटणीतील गोऱ्या अधिकाऱ्याची जागा मिळत नसे. राजपुत्र लेफ्टनंट झाले आणि त्यांच्या हाती शोभेची कामे आली. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या सुभेदाराला तर या योजनेत स्थानच नव्हते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने अधिकारी हा घराण्याने घडायचा, सेवेने नव्हे. आणि ही दृष्टी पुढेही बराच काळ टिकली.

ही व्यवस्था किती तकलादू होती, हे 1914 ते 1918 च्या महायुद्धाने दाखवून दिले. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतली सुमारे 74,000 परत आली नाहीत. हिंदी पलटणीत गोरे अधिकारी डझनभरच असत. फ्रान्समधील खंदकांत किंवा मेसोपोटेमियाच्या वाळवंटात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, एका सकाळच्या हल्ल्यात त्यांतले बहुतेक पडले, की कंपनीची जबाबदारी सुभेदार-जमादारांवर येई आणि ते ती पार पाडीत. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103 वी आणि 110 वी मराठा या पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे डिसेंबर 1915 पासून तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची पाळी आलेल्या या सैन्याने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली. त्यानंतर अधिकारी आणि शिपाई यांना वेगळे करून शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले आणि त्या वाटचालीत व कैदेत हजारो मेले. आज्ञा देण्याची लायकी हिंदी माणसात नाही, हा सिद्धान्त ज्यांनी रणांगणावर रोज खोटा ठरवला, त्यांची संख्या आता डोळेझाक करण्याइतकी लहान राहिली नव्हती. मनुष्यबळाची टंचाई इतकी झाली की 1917 मध्ये ‘111 वी महार’ ही पलटणही उभारावी लागली. युद्ध संपताच मात्र ती 1921 पर्यंत मोडीत काढण्यात आली.

भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी 20 ऑगस्ट 1917 रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची सुप्रसिद्ध घोषणा केली, तेव्हाच हिंदी माणसाला ‘किंग्ज कमिशन’, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीची राजाची सनद, मिळण्यातील वर्णाची आडकाठी दूर केल्याचे सांगितले आणि युद्धात सेवा केलेल्या नऊ हिंदी अधिकाऱ्यांना ती देण्याचे जाहीर केले. कॅडेट कोअरमधून आलेल्या या नऊ जणांत जोरावर सिंग, अमर सिंग यांच्यासारख्या राजपुतांबरोबर बाळासाहेब डफळे हे मराठी नावही होते. यांतल्या काहींनी निव्वळ वाट पाहण्यात बारा वर्षे काढली होती. त्यांच्या पाठोपाठ सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा राखून ठेवल्या गेल्या, इंदूरच्या डेली कॉलेजात तात्पुरते लष्करी विद्यालय उघडले गेले आणि तेथून 1919 च्या डिसेंबरात बाहेर पडलेल्या तुकडीत के. एम. करिअप्पा हे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झालेले तरुण अधिकारी होते.

वृद्ध सुभेदारांसाठीची मानद सनद याच वेळी पुढे आली आणि तिच्यामागे राजकीय हिशेबही होता. पंजाबपासून साताऱ्यापर्यंतच्या खेड्यांतून पुढची भरती व्हायची तर गावात मान असलेल्या पेन्शनर सरदाराला खूश ठेवणे आवश्यक होते. त्याच्या नावामागे ‘कॅप्टन’ लागल्याने आणि छातीवर ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ झळकल्याने सरकारचा शब्द गावात वजनदार होत असे. 1837 साली सुरू झालेला हा सन्मान मिळालेल्या सरदारांना ‘सरदार बहादूर’ आणि ‘बहादूर’ असे किताब मिळत. पुढे अधिकारीपदांच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या स्कीन समितीच्या 1926 च्या अहवालातही मानद सनदेचे वर्णन उत्तम सेवेचे बक्षीस याच स्वरूपात आले. बक्षिसाला गतकाळाकडे पाहावे लागते. नव्या पलटणीची आज्ञा, गोऱ्या कनिष्ठांवरचा अधिकार, पुढच्या बढतीचा हक्क या गोष्टी भविष्याकडे पाहणाऱ्या असल्यामुळे त्या या सनदेत बसत नव्हत्या. शिवाय ‘शिक्षण अपुरे’ हे जे कारण सांगितले गेले, त्याची जबाबदारी सैनिकावर टाकणे न्यायाचे नव्हते. फौजेने त्याला हुकूम समजण्यापुरतेच शिक्षण दिले होते आणि वय वाढेपर्यंत वर जाण्याची वाट बंद ठेवली होती.

महाराष्ट्राच्या राजकारणात अधिकारीपदाचा प्रश्न 1918 मध्येच ऐरणीवर आला. 10 जून 1918 रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भरवलेल्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी राजनिष्ठेच्या दोन शब्दांनंतर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभागृहातून बाहेर पडले. टिळकांचा विरोध भरतीला नव्हता, अटींशिवाय केलेल्या भरतीला होता. त्याच उन्हाळ्यात गुजरातेत विनाअट सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडणाऱ्या गांधीजींकडे त्यांनी 50,000 रुपयांचा धनादेश पाठवला आणि कळवले की हिंदी माणसांना अधिकाऱ्याच्या जागा देण्याचे वचन सरकारकडून मिळवून दिले तर महाराष्ट्रातून 5,000 माणसे उभी करतो, न केल्यास ही रक्कम दंड म्हणून जप्त समजावी. गांधीजींनी धनादेश परत केला. ‘आमचा माणूस मरायला चालतो, तर हुकूम द्यायला का चालत नाही’ हा प्रश्न मात्र वृत्तपत्रांतून आणि सभांतून महाराष्ट्रात घरोघर पोहोचला होता.

युद्धानंतर सरकारने सावधगिरीने एक प्रयोग केला. सरसेनापती लॉर्ड रॉलिन्सन यांच्या काळात, फेब्रुवारी 1923 मध्ये, आठ पलटणी निवडून हिंदी अधिकारी त्यांतच नेमण्याचे ठरले, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नव्हती. या आठांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी, ‘रॉयल’ हा किताब मिळालेली, पलटण होती; जुनी 117 वी मराठा ती हीच. या प्रयोगाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. पुढे, 1932 नंतर, या पलटणींत सनदी हिंदी तरुणांना प्लॅटूनचे, म्हणजे तीस-चाळीस शिपायांच्या तुकडीचे, नेतृत्व देण्याचे धोरण ठरले आणि तेथील सुभेदार-जमादारांचे हुद्दे हळूहळू काढून टाकण्याचे घाटले. विद्यालयातून आलेल्या हिंदी तरुणाला जी जागा मिळाली, ती वर असलेल्या इंग्रजाची नव्हती, खाली असलेल्या म्हाताऱ्या सुभेदाराची होती. गरीब घरातील शिपायाला जी शिडी उपलब्ध होती, तिच्याच वरच्या पायऱ्या काढून नवी शिडी उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजांनी हे धोरण सोडायला लावले, म्हणून सुभेदारी टिकली.

सर अँड्र्यू स्कीन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1926 मध्ये दिलेल्या अहवालात आठ पलटणींची योजना रद्द करावी, सँडहर्स्टच्या जागा वाढवाव्यात आणि 1933 पर्यंत देशातच ‘हिंदी सँडहर्स्ट’ उभारावे, अशा शिफारशी केल्या. हिंदी मुले सँडहर्स्टमध्ये अपयशी का ठरतात, याचीही चिकित्सा समितीने केली आणि लहानपणापासून तशा प्रकारची तयारी करून घेणाऱ्या शाळा देशात नाहीत, हे एक मुख्य कारण नोंदवले. योजना रद्द झाली नाही, पण गोलमेज परिषदेनंतर 1931 मध्ये सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांच्या समितीने लष्करी विद्यालयाचा आराखडा तयार केला आणि ऑक्टोबर 1932 मध्ये देहरादूनची लष्करी अकादमी सुरू झाली. पहिल्या 40 जणांच्या तुकडीत 15 जण स्पर्धा परीक्षेतून, 15 जण फौजेतील शिपायांतून आणि 10 जण संस्थानी फौजांतून आले. पलटणीतून अधिकारीपदापर्यंतची वाट अशा रीतीने प्रथमच नियमित झाली. परंतु तिला वयाची अट होती, त्यामुळे ज्यांनी फ्रान्सचे खंदक आणि कुत पाहिले होते, त्यांना ती उपयोगाची नव्हती.

चेटवुड समितीच्या सदस्यांत नागपूरचे नेत्रशल्यविशारद डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते आणि येथून या कथेचा धागा नाशिकला येतो. 1872 मध्ये बिलासपूरला जन्मलेले मुंजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, बोअर युद्धाच्या वेळी वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेले आणि पुढे टिळकांच्या पक्षात व नंतर हिंदू महासभेत नेतृत्वस्थानी आले. अकादमी उघडली तरी तिच्या स्पर्धा परीक्षेत आणि मुलाखतीत महाराष्ट्रातील मुले टिकत नाहीत, याचे कारण मूळ शिक्षणात आहे, असे त्यांचे निदान होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घोडेस्वारी, नेमबाजी, कवायत, इंग्रजी संभाषण आणि शिस्त या गोष्टी शाळेतच मिळाल्या पाहिजेत, या विचाराने त्यांनी 1935 मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. गंगापूर रस्त्याकडच्या ‘रामभूमी’ या विस्तीर्ण आवारात ही शाळा आजही चालते. मुंजे यांचे राजकारण आणि 1931 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी घेतलेली मुसोलिनीची भेट यांवर इतिहासकारांनी कठोर टीका केली आहे आणि शाळेच्या स्थापनेमागील हेतूंत हिंदू समाजाच्या लष्करीकरणाचा उघड उद्देश होता, हेही खरे आहे. तरीही अधिकारीपदाच्या इतिहासाच्या दृष्टीने या प्रयत्नाचा अर्थ वेगळा काढता येतो : आधीच्या पिढीने अर्ज केले आणि उतारवयात मानद सनद घेतली, मुंजे यांनी अर्जाची वाट सोडून, मागणी करण्याआधीच लायकी तयार ठेवण्याची वाट धरली. 1948 मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेले अडसर झपाट्याने मोडले. 1939 साली फौजेत सनदी हिंदी अधिकारी काही शेच होते. 1945 पर्यंत ते आठ हजारांवर गेले. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, जिथे पूर्वी मायदेशी परतणारे गोरे सोजीर बोटीची वाट पाहत पडून असत, तिथे 1941 मध्ये काकुलहून तोफखान्याची शाळा हलवण्यात आली आणि ज्या तोफांपासून 1857 नंतर हिंदी माणसाला दूर ठेवले होते, त्या तोफांचे अधिकारी देवळालीत घडू लागले. डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांमुळे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. वलंगकर आणि कांबळे यांच्या अर्जांना जवळपास अर्धशतकाने उत्तर मिळाले. इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे मराठे मात्र त्या क्षणी अनुक्रमे नाईक आणि शिपाई होते. शौर्याला हुद्द्याची गरज नसते आणि शौर्याने हुद्दा मिळतोच असेही नाही, हे या दोन नावांवरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर सुभेदार-जमादारांचा वर्ग ‘ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर’ या नावाने चालू राहिला, 1965 मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला आणि पलटणीतील तरुणांना अधिकारी होण्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज उभे राहिले, जे काही काळ पुण्याला होते आणि 1977 पासून देहरादूनला आहे. मानद सनदेची प्रथाही कायम आहे. प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्य दिनी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सुभेदारांना मानद लेफ्टनंट आणि मानद कॅप्टन हे हुद्दे जाहीर होतात, हवालदारांना निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदारी मिळते. या मानाचा पेन्शनशी संबंध काय, हा वाद मात्र बराच काळ चालला. 2006 पासून निवृत्त होणाऱ्या मानद नायब सुभेदारांना त्या हुद्द्याचे पेन्शन मिळू लागले, तेव्हा त्याआधी निवृत्त झालेल्या वृद्ध सैनिकांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार ठोठावले आणि 2010 मध्ये चंदीगडच्या खंडपीठाकडून आपल्या बाजूने निर्णय मिळवला. अमेरिकेत याहून वेगळा प्रसंग घडला : दुसऱ्या महायुद्धात अधिकारी प्रशिक्षण पुरे करूनही कृष्णवर्णीय म्हणून सनद नाकारली गेलेल्या एका सैनिकाला 2018 साली, वयाच्या 98 व्या वर्षी, फिलाडेल्फियात सेकंड लेफ्टनंटची सनद समारंभपूर्वक देण्यात आली. तेथे अडचण कागदपत्रांचीही होती, कारण 1973 च्या आगीत लाखो सैनिकांच्या नोंदी जळाल्या होत्या.

या साऱ्या घडामोडींचा निवाडा करायचा तर दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. सुभेदार-मेजर हा हुद्दा निर्माण झाल्यापासून माँटेग्यूच्या घोषणेपर्यंत सुमारे शंभर वर्षे हिंदी सैनिकाच्या शिडीला एकही पायरी जोडली गेली नाही, आणि ती जोडण्याची वेळ आली तेव्हा सत्तेने वृद्धाला मान दिला, पण अधिकार तरुण आणि सुशिक्षित माणसासाठी राखून ठेवला. दुसरी गोष्ट अशी की वृद्ध सैनिकांच्या अर्जांनी त्यांचे स्वतःचे भले क्वचितच झाले. वलंगकरांना महार रेजिमेंट पाहायला मिळाली नाही आणि महायुद्धात कंपन्या सांभाळणाऱ्या सुभेदारांना देहरादूनचा दरवाजा उघडा मिळाला नाही. तरीही सेवेच्या दाखल्यावर आधारलेला हक्काचा युक्तिवाद प्रथम त्यांनी मांडला आणि पुढच्या समित्या, शाळा आणि पलटणी त्यावरच उभ्या राहिल्या. नाशिक, नगर, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत पणजोबांची पेन्शनची पुस्तके, सेवापत्रे आणि अर्जांच्या नकला अजून पेटीत असतील. मानद का होईना, पण सनद मिळालेल्यांची नावे सरकारी गॅझेटात आहेत. ज्यांना तीही मिळाली नाही त्यांची नावे या कागदांतच आहेत, म्हणून ते वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी जिल्ह्याच्या अभिलेखागारात किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळात पोहोचवले पाहिजेत.